तिसरा आग्रह

रविवारची प्रार्थना आटोपून सगळं बर्च प्रेअरी गाव चर्चच्या तळघरात जेवायला उतरलं, तेव्हा आज आपल्या डॉक्टरीणबाईंचं भाग्य उजळणार अशी आर्डिस स्वेनबीला खात्री होती. बाहेर थंडी इतकी होती, की गाडीच्या दाराला हात लावताना माणूस दोनदा विचार करील. आत मात्र कॉफीची मोठी किटली घुमत होती, खिम्यावर बटाट्याचे कुरकुरीत गोळे रचलेल्या हॉटडिशची भांडी वाफाळत होती, आणि आर्डिस स्वतः केलेल्या लिंबाच्या वड्या कापत होती. त्रेसष्ट वर्षांची आर्डिस दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसायची. फोन घ्यायची, नाड्या मोजायची, आणि डॉक्टरीणबाई जेवल्या की नाही यावर लक्ष ठेवायची. शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणजे मोइरा ब्रॅनिगन. बोस्टनच्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी गावातल्या बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात दवाखाना थाटला. त्यांची पद्धत सोपी होती. विमा कंपनीच्या नादी लागायचं नाही. महिन्याला पंचाहत्तर डॉलर द्या, सभासद व्हा, आणि वाटेल तेव्हा या, खोकला घेऊन या किंवा मोडलेलं बोट घेऊन या. पण घोडं पेंड खात होतं ते करापाशी. निम्मं गाव खिडक्यांच्या कारखान्यात कामाला. तिथला विमा असा, की हजारो डॉलर आपल्या खिशातून गेल्याशिवाय तो डोळेच उघडत नाही. त्यावर उतारा म्हणून प्रत्येकाचं आरोग्य बचत खातं होतं. त्यात टाकलेल्या पैशांवर कर लागत नाही, आणि कारखानाही दरवर्षी आपली भर घालतो. आता सरकारचं म्हणणं असं, की डॉक्टरला महिन्याच्या महिन्याला पैसे देणं म्हणजे दुसरा विमाच घेणं. तो घेतला, की या खात्यात पैसे टाकायचं दार बंद. तेव्हा डॉक्टरीणबाईंचा सभासद होणं म्हणजे कारखान्याच्या पैशांवर पाणी सोडणं. ते कुणाला परवडणार?

म्हणून चार वर्षं गावाने डॉक्टरीणबाईंवर लांबूनच माया केली. दवाखान्याच्या पायरीवर धुरी दिलेले मासे यायचे, हरणाच्या मांसाची सॉसेजं यायची, मुरंबे यायचे. पाठवणारा स्वतः मात्र साध्या खोकल्यासाठी तासभर गाडी हाकून दुसऱ्या गावी जायचा. डॉक्टरीणबाईंचं फडताळ भरलेलं आणि बाहेरचा बाक रिकामा, असा सगळा कारभार होता.

आणि यंदाच्या नव्या वर्षापासून कायदाच बदलला. आता डॉक्टरला महिन्याचे पैसे द्या आणि खात्यातही खुशाल पैसे टाका. इतकंच नाही, डॉक्टरचे पैसे त्याच खात्यातून दिले तरी चालतील. ही बातमी आली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आर्डिसचे दोन्ही हात धरून तिला गोल फिरवलं होतं. आर्डिसला आधी अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटलं.

तर त्या रविवारी डॉक्टरीणबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि हे सगळं त्यांनी बोस्टनच्या पद्धतीने, म्हणजे धडाधड, सांगून टाकलं. "आता करही आड येत नाही," त्या म्हणाल्या. "मग कोण कोण सभासद होणार? करा हात वर!"

एकही हात वर गेला नाही. आता या गावात सगळ्यांआधी हात वर करायचा म्हणजे पंगतीत वाढपी यायच्या आत ताट पुढे करण्यासारखं आहे. लोकांनी आपापल्या कॉफीत बघितलं. कारखान्यात काचा बसवणारा लोवेल एंगब्रेट्सन घसा खाकरून म्हणाला, "वाईट नाही वाटत." त्याची बायको मार्लिस म्हणाली, "आमचं काय, भागतंय आमचं. आधी ज्यांना जास्त गरज आहे त्यांना घ्या." स्वयंपाकघर सांभाळणारी व्हर्ना टॉफ्टे म्हणाली, "बघू की."

आर्डिसच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लोवेल एंगब्रेट्सनच्या तोंडून "वाईट नाही"! मुलीच्या लग्नातसुद्धा तो एवढं बोलला नव्हता. ती खुशीतच वड्यांच्या ताटाकडे वळली. ताटात शेवटची वडी उरली होती, म्हणजे आता ती संपणं कठीण. व्हर्नाने तिची अर्धी केली आणि अर्धी ठेवली. लोवेलने त्या अर्धीची अर्धी केली. उरलेल्या तुकड्यावर आणखी कुणी सुरी धरणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, तो तुकडा उचलून तोंडात टाकला आणि कोट चढवून निघून गेल्या. सगळे ताटाकडे बघत राहिले. "लांबची आहे ना ती," व्हर्ना समजुतीने म्हणाली.

सोमवारी सकाळी आर्डिस नेहमीसारखी आपला थर्मास घेऊन दवाखान्यात आली, तर डॉक्टरीणबाई खोक्यांत पुस्तकं भरत होत्या.

"झाडझूड काढलीय का?" आर्डिसने विचारलं.

"सेंट पॉलच्या मोठ्या इस्पितळातून नोकरी आलीय. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचंय. हो म्हणून त्याच दिवशी निघणार मी, आर्डिस."

आर्डिसने थर्मास टेबलावर ठेवला. "पण... आता तर कायदा बदलला."

"तेच तर! इतके दिवस मला वाटायचं, कराचा नियम आड येतोय. चार वर्षं तो जाईल या आशेवर काढली. आता नियम गेला आणि खरं काय ते कळलं. लोकांना मी नकोच होते. काल सगळ्या गावाने मला तोंडावर नाही म्हणून सांगितलं."

"कोण नाही म्हणालं?" आर्डिस चकित होऊन म्हणाली.

"सगळेच! 'आमचं भागतंय.' 'दुसऱ्यांना घ्या.' 'बघू.' याहून वेगळं काय म्हणायचं असतं माणसाने?" त्यांनी एक जाडजूड पुस्तक खोक्यात आपटलं. "आणि आर्डिस, लोकांना कशाला दोष देऊ? सगळ्यात आधी मी तुम्हालाच विचारलं होतं. नव्या वर्षाची सुट्टी संपून दवाखाना उघडला त्याच दिवशी. म्हटलं, आता तरी तुम्ही नवराबायको सभासद होणार ना? तुम्ही काय म्हणालात?"

आर्डिसला लख्ख आठवलं. ती म्हणाली होती, "छे छे, आम्हाला कशाला? आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईलाच मी डॉक्टर म्हणून नको असेन," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तर इथे राहून मी काय करू?"

आर्डिसला रडू फुटायचं बाकी राहिलं. सांगायचं खूप होतं. म्हणायचं होतं, अहो, ते नाही नव्हतंच मुळी! म्हणायचं होतं, तुम्ही गेलात तर या दवाखान्याला कुलूप लागेल आणि माझ्या जिवालाही. पण बर्च प्रेअरीत जन्मलेल्या बाईच्या तोंडून असं काही एकदम निघत नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं. "शुक्रवारी रस्ते फार निसरडे असतील म्हणतात," ती म्हणाली.

"सावकाश चालवीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी जेवताना आर्डिसने नवऱ्याला सगळं सांगितलं. ड्वेन स्वेनबी कारखान्यात मुकादम होता. त्याचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता, आणि तो डाव्या हाताने जेवायला शिकला होता, पण तक्रार म्हणून नाही.

"मग तू काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"रस्ते निसरडे असतील म्हणाले."

ड्वेनने काटा खाली ठेवला. "जरा जास्तच स्पष्ट बोललीस."

"तरी तिला कळलं नाही रे!"

"बोस्टनची आहे ती. तिला सरळ सांगावं लागेल."

"सरळ म्हणजे कसं?"

"म्हणजे तोंडाने."

आर्डिसने बशीतला वाटाणा इकडून तिकडे ढकलला. "आणि तू रे? तुला व्हायचंय ना सभासद?"

"माझं काय," ड्वेन खांदा चोळत म्हणाला, "तुला वाटत असेल तर."

"ड्वेन!"

"बरं बरं. व्हायचंय. जाम व्हायचंय. हा खांदा मला झोपू देत नाही." एवढं बोलून तो इतका लाल झाला, की उठून भांडी घासायला लागला.

मंगळवारी आर्डिस दवाखान्यात शिरली ती कोट न काढताच डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. कोट काढला असता तर धीर गेला असता.

"डॉक्टर, तुमचं चुकलं," ती म्हणाली, आणि आपणच दचकली. "म्हणजे चुकलं असं नाही... पण तुम्ही एकदाच विचारलंत."

"मग किती वेळा विचारायचं?"

"तीनदा."

"काय?"

"पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की, कशाला उगाच तुम्हाला त्रास, असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणं म्हणजे... हावरटपणा झाला."

"आणि खरंच नको असेल तर?"

"तर 'जरा वेगळंच आहे' म्हणायचं. रविवारी कुणी म्हणालं का तसं?"

डॉक्टरीणबाई खोक्यावरच बसल्या. "हे कुठे लिहिलंय, आर्डिस?"

"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना माहीतच असतं."

 डॉक्टरीणबाईंची नजर आर्डिसच्या थर्मासवर गेली आणि तिथेच खिळली. "थांबा. दवाखाना उघडला त्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला कॉफी विचारली होती. तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझी कॉफी चालत नाही. म्हणून परत कधी विचारलं नाही."

आर्डिसने थर्मास पाठीमागे घेतला.

"चार वर्षं तुम्ही घरून थर्मास आणताय. माझं कॉफीचं भांडं इथे, तुमच्या हाताशी असताना."

"त्यातल्या ताज्या कॉफीचा वास छान येतो," आर्डिस पुटपुटली.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि ते पुसणं हसू थांबल्यावरही चालूच राहिलं. "चला," त्या उठत म्हणाल्या. "मला दाखवा. पण मी मागे लागले आणि लोकांनी दारं लावली, तर मी शुक्रवारी जाणार म्हणजे जाणार."

लोवेल एंगब्रेट्सन मंगळवारी रात्रपाळीला असायचा आणि दिवसा गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या लाकडी खोपटात मासे धरत बसायचा. बर्फाला भोक, भोकात गळ, शेजारी शेगडी, बाजूला रेडिओ. आर्डिसने गाडी सरळ तळ्यावर घातली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. चार वर्षांत त्या इथल्या तळ्यावर गाडीतून गेल्या नव्हत्या.

लोवेलने दोघींना उलट्या बादल्यांवर बसवलं. बराच वेळ थंडीबद्दल बोलणं झालं. मग आर्डिसने डॉक्टरीणबाईंना कोपर मारलं.

"लोवेल, तुम्ही सभासद व्हाल का?"

"छे छे," लोवेल गळाकडे बघत म्हणाला. "आमचं भागतंय."

डॉक्टरीणबाई उठायला लागल्या. आर्डिसने त्यांचा कोट धरून खाली ओढलं.

"नाही, पण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आलात तर मला खरंच बरं वाटेल."

"कशाला उगाच तुम्हाला त्रास," लोवेल म्हणाला. "एवढी माणसं आहेत गावात." पण आता त्याने गळावरची नजर काढली होती.

डॉक्टरीणबाईंनी आर्डिसकडे बघितलं. आर्डिसने डोळ्यांनीच सांगितलं, आता.

"लोवेल," डॉक्टरीणबाई पुढे वाकून म्हणाल्या, "याच बरं. माझ्यासाठी या."

लोवेलने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात," तो म्हणाला, "आणि तुम्हाला अडचण होणार नसेल तर... मार्लिसला पण घ्याल का? तिची गोळी बदलून हवीय. आणि माझा घोटा. नाताळापासून सुजलाय, पण तुम्ही कामात असाल म्हणून म्हटलं कशाला सांगा. आमचं तर ठरलंच होतं. रविवारी परत विचाराल म्हणून थांबलो होतो आम्ही. तुम्ही एकदम गेलातच निघून."

डॉक्टरीणबाईंनी तिथेच बादलीवर बसून त्याचा बूट काढला आणि घोटा बघितला. परत निघताना लोवेलने दोन मासे हातात कोंबले. "नको नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या. लोवेलने परत पुढे केले. "कशाला उगाच," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्याने पुढे केल्यावर त्यांनी मासे घेतले आणि गाडीत बसेपर्यंत कसंबसं हसू दाबून धरलं.

मग काय, बुधवारी आणि गुरुवारी दोघींनी गाव पालथं घातलं. जिथे जातील तिथे नाही, मग त्रास कशाला, मग तुम्ही म्हणताच आहात तर. व्हर्ना टॉफ्टेने तर तिसऱ्या आग्रहानंतर डॉक्टरीणबाईंचा हातच धरला आणि म्हणाली, "अगं, मी रविवारपासून वाट बघतेय." एका घरी म्हाताऱ्या जोडप्याने "जरा वेगळंच आहे" म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी नम्रपणे मान हलवली आणि चौथ्यांदा विचारलं नाही. आर्डिसला त्यांचा फार अभिमान वाटला.

शुक्रवार उजाडला. बाहेरच्या बाकावर लोवेल, मार्लिस आणि आणखी कोण कोण दाटीवाटीने बसले होते. पण आतली खोकी तशीच होती, पुस्तकं आतच. आर्डिसच्या ते ध्यानात आलं. गाव तर हो म्हणालं. मग आता काय राहिलं?

दुपार व्हायला आली तशा डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं आणि दार लोटलं.

"सगळ्या घरांना तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "एकच घर राहिलंय. तिथे एकदाच विचारून झालंय." त्यांनी मोठा श्वास घेतला. "आर्डिस, तुम्ही आणि ड्वेन माझे सभासद व्हाल का?"

आर्डिसच्या ओठांवर "छे छे" आलंच होतं. त्रेसष्ट वर्षं ते तिथेच राहत होतं. समोर डॉक्टरीणबाई पुढचा आग्रह तयार ठेवून उभ्या होत्या. तेवढ्यात आर्डिसला त्यांच्या मागची खोकी दिसली, आणि नव्या वर्षातलं आपलं ते नाही कुणाच्या मनात किती दिवस रुतून बसलं होतं ते आठवलं.

"हो," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा तयार आग्रह तोंडातच राहिला.

"हो म्हणजे हो. आम्हाला यायचंय. ड्वेनचा खांदा दुखतो आणि माझं रक्तदाबाचं औषध संपलंय, आणि मला दुसरा कुणी डॉक्टर नको." आर्डिस आता थांबेना. "आणि तू जाऊ नकोस गं, मोइरा. अजिबात जाऊ नकोस. मला तू हवी आहेस इथे."

चार वर्षांत तिने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी टेबलाला वळसा घातला आणि तिला घट्ट मिठी मारली. आर्डिसला कुठे हात ठेवावेत ते कळेना. मग तिने ते त्यांच्या पाठीवर ठेवले आणि तिथेच राहू दिले.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी सेंट पॉलला फोन लावला. "तुमचे आभार," त्या म्हणाल्या, "पण मी येणार नाही." फोन ठेवला आणि पहिल्या खोक्यातलं पहिलं पुस्तक काढून कपाटात ठेवलं.

फोन वाजला. सेंट पॉलच्याच बाई होत्या. त्यांचं म्हणणं, एवढ्यात नाही म्हणू नका, थोडा विचार करा. डॉक्टरीणबाई परत नाही म्हणाल्या. जरा वेळाने फोन पुन्हा वाजला. आता पगारही वाढला होता.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर हात ठेवून हताशपणे आर्डिसकडे बघितलं. "यांना काय झालंय? मी दोनदा नाही म्हटलं!"

"त्याही आपल्याच राज्यातल्या," आर्डिस म्हणाली. "त्यांना वाटतंय, तू लाजतेयस." तिने हात पुढे करून फोन घेतला. जन्मात कुणाला तोंडावर नकार न दिलेली आर्डिस स्वेनबी ताठ उभी राहून म्हणाली, "हे बघा बाई, डॉक्टर ब्रॅनिगन बोस्टनच्या आहेत. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही. त्या इथेच राहणार आहेत."

 पलीकडून आवाज आला, "असं होय. जरा वेगळंच आहे."

आर्डिसने फोन ठेवला. ती खुर्चीत बसली आणि सवयीने थर्मासचं झाकण फिरवायला लागली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तो तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला, भांड्यातली ताजी कॉफी मोठ्या कपात ओतली आणि काही न विचारता तिच्यासमोर ठेवली. आर्डिसने कप दोन्ही हातांत धरला, आणि नको न म्हणता प्यायली.